एजन्सीची खरी ओळख शिफ्ट रद्द होते त्या दिवशी होते

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी मूळची सांगलीकडची, बीएस्सी नर्सिंग मिरजेत केलं. हॉस्पिटलने स्पॉन्सर केल्यावर ग्रीन कार्डावर न्यू जर्सीत आले, त्याला तीन वर्षं होत आली. टेलिमेट्री युनिटवर, म्हणजे रुग्णांच्या हृदयाच्या ठोक्यांवर सतत नजर ठेवतात त्या विभागात, रात्रपाळी करते. नवरा आणि सात वर्षांची मुलगी माझ्यासोबत एडिसनला भाड्याच्या घरात राहतात. आता ट्रॅव्हल नर्सिंगचं, म्हणजे एजन्सीमार्फत दुसरीकडच्या हॉस्पिटलात साधारण तेरा आठवड्यांचं, पहिलं काम घ्यायचं मनात आहे. एका वेबसाइटवर नंबर टाकला आणि रिक्रूटरांच्या फोनची रांग लागली. तीन एजन्सींशी बोलणं पुढे गेलंय. पहिली आठवड्याला २,३५० डॉलर म्हणते, दुसरी २,०५०. तिसरी '२,६०० पर्यंत' म्हणते, पण आधी 'फक्त तुमच्याकडूनच काम घेईन' असं लिहून मागते. सगळ्यात मोठी एजन्सी घ्यावी का? कॅलिफोर्नियाची ओढ आहे. फ्रिमाँटला दिरांचं घर आहे, तिथे राहिले तर भाडंही वाचेल. आणि सध्याच्या नोकरीचा राजीनामा कधी द्यावा?

— एक वाचक, एडिसन

उत्तर

ताई, तिसऱ्या एजन्सीला आजच नाही कळवून टाका. ट्रॅव्हल नर्स एका वेळी एका कामापुरती एजन्सीची कर्मचारी असते. पुढचं काम कोणाकडून घ्यायचं हा तुमचा हक्क आहे आणि तो आधीच लिहून देण्याचं काहीही कारण नाही. 'पर्यंत' या शब्दालाही किंमत नाही. कुठलं हॉस्पिटल, कुठलं युनिट, आठवड्याचे किती तास, त्यात पगार किती आणि घर-जेवणासाठी वेगळा मिळणारा स्टायपेंड किती, हे न सांगता फेकलेला आकडा तुम्हाला फोनवर धरून ठेवण्यासाठी असतो.

दोन किंवा तीन एजन्सींकडे नाव असू द्या, त्याहून जास्त नको. प्रत्येक ठिकाणी तीच कागदपत्रं, तेच स्किल्स चेकलिस्ट, तेच रेफरन्स द्यावे लागतात आणि तुमच्या चार्ज नर्सलाही (पाळीच्या प्रमुख नर्सलाही) किती जणांचे फोन घ्यायचे याला मर्यादा आहे. मात्र एक नियम पहिल्याच ईमेलमध्ये लिहा: 'मला विचारून होकार मिळाल्याशिवाय माझी फाइल कुठल्याही हॉस्पिटलला पाठवायची नाही.' बहुतेक हॉस्पिटलं आपल्या रिकाम्या जागा एका सॉफ्टवेअरवर टाकतात आणि तीच जागा अनेक एजन्सींना एकाच वेळी दिसते. दोघींनी तुमचं नाव पाठवलं, तर कोणाच्या मार्फत घ्यायचं या वादात न पडता हॉस्पिटल बऱ्याचदा दोन्ही अर्ज बाजूला टाकतं. म्हणून एक वही ठेवा. तारीख, हॉस्पिटल, युनिट, कोणाच्या मार्फत गेलं, एवढ्या चार रकान्यांची.

आता मोठी की लहान. मोठ्या एजन्सी काही हॉस्पिटलांचा कंत्राटी नर्सचा सगळा कारभारच सांभाळतात. तिथल्या जागा आधी त्यांच्या स्वतःच्या नर्सना दिसतात, उरलेल्या बाकीच्या एजन्सींकडे जातात. त्यामुळे मोठीकडे जागा जास्त, आणि एक काम मधेच बंद पडलं तर दुसरं पटकन मिळण्याची शक्यताही जास्त. मध्यम आकाराच्या एजन्सीत रिक्रूटरकडे नर्स कमी असतात आणि पहिल्या कामाला लागणारे शंभर प्रश्न विचारायला माणूस फोनवर सापडतो. पहिल्या वेळी एक मोठी आणि एक मध्यम अशी जोडी आम्हाला योग्य वाटते. दोन्हींना जॉइंट कमिशन या आरोग्यसेवेचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेचं हेल्थ केअर स्टाफिंगचं प्रमाणपत्र आहे का, ते पाहा. नॅथो या ट्रॅव्हल एजन्सींच्या संघटनेचं सभासदत्वही पाहा. या संघटनेची सभासदांसाठी आचारसंहिता आहे. प्रमाणपत्र म्हणजे चांगल्या वागणुकीची हमी नव्हे, पण कागदपत्रं आणि तक्रारींची काहीएक रीत तिथे असते.

खरी निवड मात्र नावावरून करू नका आणि आठवड्याच्या आकड्यावरून तर नकोच. सगळं सुरळीत चाललं की सगळ्या एजन्सी सारख्याच गोड वाटतात. शिफ्ट रद्द झाली, तुम्ही आजारी पडलात, हॉस्पिटलने पाचव्या आठवड्यात काम थांबवलं, तर एजन्सी काय देणार आणि काय कापणार, हे सही करण्याआधी कागदावर बघा. त्यावरून निवडा.

तुमच्या हातातल्या दोन आकड्यांपासूनच सुरुवात करू. दोघींकडून पगाराची फोड लेखी मागवा. पहिलीची फोड अशी निघाली असं धरू: आठवड्याला ४८ तास, ताशी २० डॉलर करपात्र पगार. म्हणजे ४० तासांचे ८००, वरच्या ८ तासांचे दीडपटीने २४०, आणि घर-जेवणाचा स्टायपेंड १,३१०. बेरीज २,३५०. दुसरीची: ३६ तास, ताशी २६ प्रमाणे ९३६, अधिक स्टायपेंड १,११४. बेरीज २,०५०. आता तासांनी भागा. पहिलीकडे ताशी साधारण ४९ डॉलर, दुसरीकडे ५७. तेरा आठवड्यांत पहिली ३,९०० डॉलर जास्त देते खरी, पण त्यासाठी १५६ तास जास्त राबवून घेते. म्हणजे आठवड्याच्या चौथ्या रात्रीचा प्रत्येक तास तुम्ही २५ डॉलरला विकलात. टेलिमेट्रीवर सलग चौथ्या रात्री काय हालत होते, हे तुम्हाला सांगायला नको.

याच हिशेबात ओव्हरटाइमचाही सापळा आहे. दीडपट मोजली जाते ती करपात्र दराची. २६ ची दीडपट ३९, म्हणजे तुमच्या नेहमीच्या सरासरी ५७ पेक्षाही कमी. स्टायपेंड जर कामाच्या तासांप्रमाणे कमी-जास्त होत असेल, तर तो पगाराचाच भाग धरून ओव्हरटाइम काढला पाहिजे, असा निकाल नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने २०२१ मध्ये एका मोठ्या एजन्सीविरुद्ध दिला. त्या कोर्टाच्या हद्दीत कॅलिफोर्निया येतं. तेव्हा विचारा: 'एक्स्ट्रा शिफ्ट घेतली तर तासाला नेमके किती डॉलर मिळतील?' उत्तर आकड्यातच घ्या.

आता रद्द होणाऱ्या शिफ्टचं बघू. करारात 'गॅरंटीड अवर्स' म्हणजे हमीचे तास असं कलम असतं. ३६ तासांची हमी आहे असं रिक्रूटर फोनवर सांगते, आणि त्याच कलमाच्या खाली लिहिलेलं असतं की हॉस्पिटल दर दोन आठवड्यांत एक शिफ्ट बिनपगारी रद्द करू शकतं. दुसऱ्या एजन्सीच्या आकड्यांवर मांडून बघा. बारा तासांची एक शिफ्ट गेली की पगाराचे ३१२ डॉलर जातात. स्टायपेंडही तासांवर वाटलेला असेल तर त्यातले ३७१ जातात. एका रात्रीचे ६८३. तेरा आठवड्यांत अशा सहा शिफ्टा गेल्या तर चार हजारांवर रक्कम गेली, आणि घरमालकाला त्याचं काही देणंघेणं नसतं. भाडं पूर्णच द्यावं लागतं. म्हणून तीन गोष्टी लिहून मागवा: हॉस्पिटल किती शिफ्ट रद्द करू शकतं, त्या शिफ्टचे पैसे मिळतात का, आणि त्यामुळे स्टायपेंड कापला जातो का. काही करारांत तुमच्या आजारपणामुळे चुकलेल्या प्रत्येक तासाला वेगळा दंडही असतो. तो स्टायपेंडच्या ताशी वाट्यापेक्षा जास्त असेल, तर तो काढून टाकायला सांगा. एजन्सी काढत नसेल तर एजन्सीच बदला.

पूर्ण करारच मधेच संपवण्याचं कलमही असंच वाचा. हॉस्पिटलने थांबवलं तर तुम्हाला किती दिवसांची सूचना मिळणार? एजन्सीने दिलेल्या घरात असाल तर उरलेलं भाडं कोणाच्या माथी? तुम्ही थांबवलंत तर किती सूचना द्यायची आणि काय भरायचं? करार चालू असताना दर कमी करण्याचा प्रकार २०२२ मध्ये अमेरिकेत अनेक ठिकाणी घडला. कित्येक नर्स घर घेऊन बसल्या होत्या आणि 'नवा दर घ्या नाहीतर काम संपलं' असं त्यांना सांगितलं गेलं. त्यामुळे दर बदलायचा असेल तर तुमच्या लेखी संमतीनेच, हे करारात आहे का ते पाहा.

हे सगळे प्रश्न ईमेलने पाठवा. फोनवर नकोच. चांगली रिक्रूटर दोनेक दिवसांत एकेका प्रश्नाचं उत्तर लिहून पाठवते, नाहीतर 'हे मला माहीत नाही, विचारून सांगते' म्हणते आणि खरंच सांगते. जी प्रत्येक वेळी 'फोनवर बोलू ना' म्हणते आणि 'जागा आज संध्याकाळपर्यंतच आहे' अशी घाई करते, ती पुढे रात्री तीन वाजता तुम्हाला भलत्याच युनिटवर फ्लोट केलं तेव्हाही फोन उचलणार नाही. फ्लोटिंगचंही लिहून घ्या: कुठल्या युनिटवर पाठवतील, आणि तिथली तयारी नसेल तर नकार देता येईल का. मुलीच्या शाळेचे किंवा गणपतीचे दिवस हवे असतील तर सुट्टीच्या तारखा करारातच घाला. नंतर मॅनेजरला विचारू, असं म्हणू नका.

आता फ्रिमाँटचं घर. इथे बरेच जण फसतात, म्हणून जरा सविस्तर. स्टायपेंड करमुक्त असतो तो एकाच कारणाने: तुमचं कायमचं घर एका ठिकाणी आहे, कामासाठी तुम्ही तात्पुरत्या दुसरीकडे राहता आणि दोन्हीकडे खर्च करता. आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं कर खातं, तीन गोष्टी बघतं. घराच्या भागात तुम्ही काही काम करता का, कामामुळे राहण्याचा दुहेरी खर्च होतो का, आणि ते घर तुम्ही सोडून दिलेलं नाही ना. तिन्ही जुळल्या तर तुमचं टॅक्स होम, म्हणजे कराच्या हिशेबातलं कायमचं घर, पक्कं. दोन जुळल्या तर परिस्थिती बघून ठरतं. एकच जुळली तर तुम्ही फिरस्त्या ठरता आणि सगळा स्टायपेंड करपात्र होतो. एडिसनचं घर, तिथलं भाडं, नवरा आणि मुलगी, ही तुमची भक्कम बाजू आहे. पण दिरांकडे फुकट राहिलात तर राहण्याचा खर्चच नाही, आणि मग घरासाठीचा स्टायपेंड करमुक्त घेणं धोक्याचं. तिथे राहायचंच असेल तर बाजारभावाने भाडं द्या, बँकेतून द्या, दोन ओळींचा का होईना करार करा. दिरांना ते भाडं त्यांच्या उत्पन्नात दाखवावं लागेल, हेही आधी बोलून घ्या. सांगलीला किंवा पुण्याला भाड्याने दिलेला फ्लॅट टॅक्स होम म्हणून चालत नाही. 'पन्नास मैलांपलीकडे गेलं की स्टायपेंड करमुक्त' हेही खरं नाही. असा मैलांचा नियम एजन्सी आणि हॉस्पिटलं लावतात, आयआरएसचा तसा काही नियम नाही. रोज घरी झोपायला येता येत असेल, तर मैल कितीही असोत, स्टायपेंड करमुक्त ठरत नाही. एकाच ठिकाणी वर्षापेक्षा जास्त राहायचं ठरलं तर ते तात्पुरतं राहत नाही, तेही लक्षात ठेवा. ट्रॅव्हल नर्सचे टॅक्स भरणाऱ्या सीपीएकडे (परवानाधारक हिशेबनिसाकडे) पहिलं काम घेण्याआधी एकदा तासभर बसा.

करपात्र दर फारच कमी आणि स्टायपेंड फुगलेला, अशी रचना कोणी देऊ केली तर हुरळून जाऊ नका. हातात आज जास्त येतं, पण सोशल सिक्युरिटीत तेवढी कमी भर पडते, बेकारी भत्ता कमी बसतो आणि उद्या घराचं कर्ज घ्यायला गेलात की बँक करपात्र पगाराकडेच बघते. करमुक्त स्टायपेंडची कमाल मर्यादा जीएसए या अमेरिकन सरकारी खात्याच्या त्या-त्या ठिकाणच्या दराने ठरते, पण तेवढा द्यायलाच हवा असं एजन्सीवर बंधन नाही.

कॅलिफोर्नियाची ओढ आम्ही समजू शकतो. नर्समागे किती रुग्ण हे तिथे कायद्याने ठरलेलं आहे, टेलिमेट्रीला एका नर्सकडे चारच. पण पहिलं काम तिथे नको. कॅलिफोर्निया नर्स लायसन्स कॉम्पॅक्टमध्ये, म्हणजे एकाच लायसन्सवर अनेक राज्यांत काम करू देणाऱ्या राज्यांच्या करारात, नाही, तिथलं लायसन्स वेगळं काढावं लागतं आणि बोटांचे ठसे, पडताळणी यात वेळ जातो. अर्ज आत्ताच सुरू करा, फी परत देणारी एजन्सी आहे का विचारा, आणि पहिलं काम कॉम्पॅक्टमधल्या राज्यात घ्या. पेनसिल्व्हेनियाचा पश्चिम भाग, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना अशा ठिकाणांहून तीन शिफ्ट लागोपाठ करून बाकीचे दिवस मुलीजवळ घालवता येतात. त्याआधी नर्सिस या लायसन्स पडताळणीच्या वेबसाइटवर जाऊन स्वतःचं लायसन्स तपासा. न्यू जर्सी कॉम्पॅक्टमध्ये असलं तरी तुमच्या नावापुढे 'मल्टिस्टेट' लिहिलंय की 'सिंगल स्टेट', ते बघायला हवं. भारतातून आलेल्या बऱ्याच नर्सनी आधी न्यूयॉर्कचं लायसन्स काढलेलं असतं आणि नंतर न्यू जर्सीचं घेताना मल्टिस्टेटचा अर्ज राहून जातो.

कागदपत्रांत बहुतेक तुमच्याकडे तयार असेल: अमेरिकन हार्ट असोसिएशनचे बीएलएस आणि एसीएलएस (जीव वाचवण्याच्या तातडीच्या उपचारांचे दाखले), एमएमआर, कांजिण्या आणि हिपॅटायटिस बी चे टायटर (रक्तातली प्रतिकारशक्ती दाखवणाऱ्या चाचण्या), एन-९५ ची फिट टेस्ट, मॅनेजर किंवा चार्ज नर्सचे दोन रेफरन्स. सगळं स्कॅन करून स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवा, कारण एका एजन्सीकडची फाइल दुसरीकडे आपोआप जात नाही. टीबीच्या तपासणीला मात्र आग्रहाने रक्ताची चाचणी मागा. आपल्याला लहानपणी बीसीजी दिलेली असते, त्यामुळे हातावरच्या टोचणीची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. मग छातीचा एक्स-रे, पत्रव्यवहार, आणि सुरू होण्याची तारीख पुढे. क्वांटिफेरॉनसारख्या रक्तचाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही.

विम्याचं थोडक्यात: नवऱ्याच्या कंपनीत विमा मिळत असेल तर तिघांनी तोच घ्या. तुमचा हॉस्पिटलचा विमा बंद झाल्यापासून ३० दिवसांच्या आत तिथे नाव घालावं लागतं. ते शक्य नसेल तर एजन्सीचा विमा पहिल्या दिवसापासून आहे का आणि दोन कामांमधल्या रिकाम्या आठवड्यांत चालू राहतो का, हे विचारा. कायद्याने एजन्सी ९० दिवसांपर्यंत वाट बघायला लावू शकते, आणि १३ आठवडे म्हणजे ९१ दिवस.

आणखी एक कागद कपाटातून काढा: हॉस्पिटलने स्पॉन्सर करताना सही करून घेतलेला करार. त्यात किती वर्षांची किंवा किती तासांची बांधिलकी आहे, आणि आधी सोडलं तर किती रक्कम, ते शब्दन् शब्द वाचा. तीन वर्षं होत आली म्हणजे संपलीच असेल असं धरू नका. काही करारांत मोजणी वर्षांनी न होता प्रत्यक्ष केलेल्या तासांनी होते, त्यात ओव्हरटाइम आणि रजा धरत नाहीत. बांधिलकी पूर्ण झाल्याचं एचआरकडून लेखी घ्या. शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला तो करार दाखवा. ट्रॅव्हलच्या एजन्सीचा सल्ला इथे घेऊ नका, त्यांना तुम्ही लवकर यायला हव्या असता.

हॉस्पिटलच्या मॅनेजरची फोनवर मुलाखत होईल, ती दोन्ही बाजूंनी असते. तुम्हीही विचारा: रात्री एका नर्सकडे किती रुग्ण, ओरिएंटेशन किती शिफ्टांचं, चार्टिंग एपिकवर की आणखी कशावर, ट्रॅव्हलरला सगळ्यात आधी फ्लोट करतात का. तिने जे सांगितलं ते आणि करारात आलं ते जुळत नसेल, तर सही थांबवा आणि दुरुस्त करार मागवा.

राजीनाम्याबद्दल. तोंडी 'तुमचं झालं' ऐकून राजीनामा देऊ नका. सही केलेला करार हातात, ड्रग टेस्ट आणि बाकीची तपासणी पूर्ण, लायसन्सची अडचण नाही, सुरू होण्याची तारीख पक्की, एवढं झाल्यावरच सूचना द्या. आणि आम्ही तर म्हणू, सरळ राजीनामा देण्याआधी मॅनेजरकडे पर डिएमची, म्हणजे लागेल तशा मोजक्या शिफ्ट करण्याची, जागा मागून बघा. महिन्यात किमान किती शिफ्ट कराव्या लागतात आणि १३ आठवडे बाहेर असताना त्यातून सूट मिळते का, हे एचआरला विचारून घ्या. ती जागा मिळाली तर एडिसनच्या भागात काम चालू राहतं, त्यामुळे आयआरएसच्या तीनपैकी पहिली अटही जुळते, ताजा रेफरन्स मिळत राहतो, आणि ट्रॅव्हलचं काम पाचव्या आठवड्यात बंद पडलं तर पुढच्याच आठवड्यात जुन्या युनिटवर शिफ्ट मागता येते.